एक जून

एरंडोलच्या पाटबंधारे ऑफिसात
आम्हा चौदा जणांचा वाढदिवस एकच : एक जून.
शाळेत नाव घालताना ज्याला तारीख नव्हती
त्याला गुरुजींनी ही दिली,
एकाच मापाचा सदरा सगळ्यांना वाटावा तशी.

सुपडू भोई तर नक्की श्रावणातला.
"मन्ही माय सांगे, कानबाईना रोटेस्ना दिन जलमना तू,"
पेन्शनच्या कागदांवर सही कोरता कोरता तो म्हणाला.
मी म्हटलं, सर्व्हिस बुकात श्रावण नसतो.

ते बुक मीच लिहीत आलो. कुठेही खाडाखोड नाही.
वेतनवाढ एक जुलैला,
सुपडू एकतीस मेला मोकळा.
मधले अकरा महिने
जामद्याच्या कालव्यावर तो उन्हातान्हात उभा होता
ते पेन्शनच्या गणितात कुठेच उमटत नाहीत.
महिन्याला साडेचारशे कमी, मरेपर्यंत.
त्याच्यामागे मथाबाईलाही कमीच.

महाजन त्याच्याच बरोबर नोकरीला लागलेले.
त्यांच्या गुरुजींनी जुलै लिहिला.
एवढंच.

सुपडू भांडला नाही. चहा बशीत ओतून म्हणाला,
"भाऊसाहेब, रोज सकाळी सहाला
मी पाण्याची पट्टी वाचायचो.
अकरा महिने पाणी वाहिलं
आणि बाराव्यात गेट पाडलं,
तर वहीत काय लिहायचं?
पाणी आलंच नाही?"

मी हिशेब तीनदा केला.
तिन्ही वेळा बरोबर आला.
चुकला असता तर बरं झालं असतं,
चूक दुरुस्त करता येते.

मग विनंती अर्ज लिहायला घेतला.
जन्मतारखेच्या रकान्यात पेन अडलं.
त्या सालचा कानबाईचा रविवार
जुन्या पंचांगात सापडेलही,
पण पंचांगावर शाळेचा शिक्का नसतो.
लिहिलं : एक जून.
तो अर्ज घडी घालून खिशात ठेवून गेला,
पावती मागायचंही विसरला.

पुढच्या वर्षी माझं बुक बंद होईल.
माझी माय म्हणायची,
तू झालास तेव्हा खळ्यात दादर पडलेली होती.
म्हणजे फेब्रुवारी.
म्हणजे खरं तर तीन महिने आधीच
मी घरी बसायला हवं,
तीन पगार माझ्याकडे जास्तीचे येणार.

हे सुपडूला सांगायचं राहिलं.
राहिलं म्हणजे,
सांगितलं नाही.