वाळू

एकोणीस नंबरच्या खाटेवर बाबगोंडा मगदूम.
वय एकावन्न. धंदा: मजूर.
सीपीआरच्या केसपेपरवर तेवढीच जागा असते.
टीबीच्या गोळ्या दुसऱ्यांदा सुरू,
थुंकीत जंतू एकदाही नाही.

मी विचारलं, कसली मजुरी?
दर दोन शब्दांमागे थांबत म्हणाले,
"शिरोलीला. फौंड्रीत.
साचा फोडायचा, बाय, गरम हाय तवरच.
सत्तावीस वर्सं."

एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला.
वरच्या बाजूला, दोन्हीकडे,
राळ्याचे दाणे सांडल्यासारखं.
सर राउंडमध्ये म्हणाले, बरोबर ओळखलंस,
परीक्षेला दोन मार्कांना येतं.
आणि विसाव्या खाटेकडे वळले.

मला वळता आलं नाही, असं काही नाही.
मीही वळले. वीस, एकवीस, बावीस.
रात्री मेसमध्ये आमटी गार होईपर्यंत
एकोणीसच डोक्यात.

रेकॉर्ड रूमची किल्ली तिवडेमामांकडे.
"धूळ लई हाय, तोंडाला बांधा कायतरी."
चार वर्षांचे गठ्ठे, सुतळीने बांधलेले.
दोनशे बारा कागद वेगळे काढले.
एकशे नव्वदांवर: मजूर.
पुढे पूर्णविराम.
उत्तर हरवलं नव्हतं;
विचारलंच नव्हतं कुणी.

इंगवले मॅडम म्हणाल्या, लिहून काढ, समितीकडे पाठवू.
समितीने अकरा दुरुस्त्या सांगितल्या.
'मी पाहिलं' खोडून 'आढळून आले' लिहिलं,
'मी मोजलं' खोडून 'मोजण्यात आले'.
घरी मी अजून 'आलो', 'जेवलो' म्हणते,
कोल्हापूरच्या पोरी म्हणतात तसं;
कागदावर मात्र सगळं घडत गेलं
कुणी न करता.

मंजुरी आली त्या दिवशी
एकोणीसवर वेगळाच माणूस, कावीळ झालेला.
सिस्टरांना मी काही विचारलं नाही.
जुन्या केसपेपरवर शेवटची ओळ त्यांच्याच अक्षरात होती.

आबा त्याच फौंड्रीत, स्टोअरला.
माझी पहिली फी मालकांनी उचल म्हणून दिलेली,
अजून फिटायची आहे.
विषय काढायचा कसा, म्हणून मी काढलाच नाही.
गुरुवारी त्यांनी जेवणाच्या डब्याचा खालचा कप्पा
माझ्यासमोर ठेवला. झाकणावर चिकटपट्टी,
तारीख, पाळी, जागा,
स्टोअरच्या वहीतल्या त्याच वळणदार अक्षरात.
आत करडी, पिठासारखी धूळ.
"बोलायचं नाही काही," म्हणाले, आणि भाकरी मोडली.

पुण्याच्या प्रयोगशाळेचं पत्र पंधरवड्याने आलं:
नमुना अपुरा. पुन्हा पाठवावा.

आबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.
"अपुरा? आमची वाळू?"
मग उठले.
"डबा धुऊन ठेव," म्हणाले, "नीट कोरडा करून."