कोरड्या उन्हाळ्यातलं ऑर्मस्केल

तिकिटासोबत नकाशा मिळाला,
त्यावर हिरवळ हिरवी छापलेली.
खरी हिरवळ करपलेली, तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी.
सहा आठवडे यॉर्कशरात थेंब नाही.

आत हेस्टरबाई, पूर्वी शाळेची बस चालवायच्या,
अजूनही सगळ्यांना मोजून पुढच्या दालनात नेतात.
वर बघा म्हणाल्या, वर बघितलं:
चुन्यातली द्राक्षं, चुन्यातले तितर,
आणि मान अवघडली.

नोकरांच्या जिन्यापाशी एकोणीस घंटा,
प्रत्येकीखाली खोलीचं नाव.
एकीखालचं खरवडून काढलेलं.
ही कुणाची? विचारलं.
"तिची तार तुटलीय," म्हणाल्या,
जणू हे उत्तरच होतं.

मग पश्चिमेची खिडकी.
इथून नदीपर्यंत पूर्वी गाव होतं,
धूर, बदकं, वाळत घातलेले कपडे.
मालकीणबाईंना सकाळी ते दिसायचं.
म्हणून बावीस घरं उचलली, टेकडीमागे ठेवली.
चर्च तेवढं राहिलं. मेलेल्यांना हलवणं महाग.
दृष्टीआड सृष्टी म्हणतात ती
अशी मजूर लावून करून घेता येते,
हे मला ठाऊक नव्हतं.

पुढे एक खोल चर, खिडकीतून न दिसणारा.
गायी पार दाराशी चरताहेत असं वाटावं
आणि त्यांनी दाराशी येऊ नये.
त्याला इथे हा-हा म्हणतात.
हसू येतं, पाय घसरेपर्यंत.

दुपारी माळी भेटला, ऑस्विन ऑथवेट.
पाण्याची नळी गुंडाळून ठेवलेली, वरून हुकूम.
"गवताखाली दगड असला की गवत आधी मरतं," म्हणाला,
आणि बोट दाखवलं.
तेव्हा दिसलं:
पिवळ्यात अजून पिवळे चौकोन,
एक बोळ, एक गोल, बहुधा विहीर.
पाया तसाच सोडला होता त्यांनी,
वरून माती, वरून बी.

तो चालू लागला, मी मागोमाग.
मी सरळ गेलो, रेघा तुडवत.
तो मात्र वळसा घालून,
जिथे रेघ तुटली होती तिथून आत शिरला,
दारातून शिरावं तसा.
डोकंही जरासं वाकवलं.

आमची सतरंजी, सँडविचेस, थर्मास
कुणाच्या तरी चुलीवर पसरलेले होते.
मी ते उचलले. कुठे ठेवावेत ते कळेना.

"गुरुवारी पाऊस सांगितलाय," तो म्हणाला.
माळी असून
त्याला ते आवडलेलं दिसलं नाही.