हेळवाक नाका, रात्रपाळी

ट्यूबलाइटखाली पहिल्याच रात्री मी विचारलं,
ही एवढी फुलपाखरं येतात कुठून?
ढेबेमामा तंबाखू मळत म्हणाले,
फुलपाखरं न्हाईत ती. मिशा बग.

मिशा बघायला भिंग नव्हतं,
मोबाइलवर फोटो काढून मोठा केला.
काडेपेटीतल्या काडीसारखी, टोकाला गूल असलेली मिशी : फुलपाखरू.
फणीसारखी, नाहीतर नुसता दोरा : पतंग.
मामांच्या भाषेत काडीवालं आणि फणीवालं.

रजिस्टरच्या पुढच्या पानांवर
गाडी नंबर, माल काय, पावती.
मागच्या पानांवर मी रकाने आखले.
काडीवालं बसताना पंख वर मिटतं, वही मिटावी तसं.
फणीवालं कौलासारखं उतरतं
किंवा भिंतीवर पसरून राहतं, गेरूच्या डागासारखं.

पावणेतीनला चिपळूणकडून मासळीचा टेम्पो.
काय लिवताय मॅडम?
पतंग मोजतेय.
आत्ताच? संक्रांत लांब हाय की.
बर्फाचं पाणी ठिबकत तो कऱ्हाडकडे गेला.

महिन्याभरात रकाने बिघडले.
भर दुपारी, रानतेरड्यावर, निळंकाळं झगझगीत एक,
लग्नाला निघाल्यासारखं,
आणि मिशी बघावी तर फणी.
मग एकदा दिवेलागणीला वाळक्या पानाच्या रंगाचं काडीवालं
येऊन ट्यूबखाली बसलं.
तिसरा रकाना आखला. वर काही लिहिलं नाही.

दिवसा मी खोलीत झोपते, खिडकीला चादर लावून.
खालच्या आळीतल्या शेवंताकाकू म्हणतात,
वनखात्यातली पोर ऱ्हाते म्हणं हितं,
आमी काय बघितली न्हाई.

परवा कुंपणाशी वास आला म्हणून टॉर्च मारला.
सोनटक्क्यावर एक जाड्या अंगाचं
हवेतच थांबून, लांब सोंड फुलात घालून पीत होतं,
पंख दिसतच नव्हते, नुसती घरघर.
मामा, हेही फुलावरच येतं की!
मग ह्याच्या नावात फूल का नाही?
येतंय की. पर रातच्याला फुलापाशी असतंय कोण
नावं ठेवायला?

साडेसहाला ट्यूब बंद.
मामा कुंचा धरतात तो उलटा,
जिवंत असतील त्यांना दांड्यावर चढवून
घाणेरीत सोडतात, शिव्या देत.
मी सही करते.
पानावर कुणाच्या तरी पंखाची भुकटी सांडलेली,
टेम्पोच्या नंबरातला आठ
पुसला गेलाय, तीन वाटतोय.