खाच

तिबिलिसीत, कोरड्या पुलाच्या बाजारात
नुगझार चादरीवर मांडून बसलाय:
समोवार, सोव्हिएत बिल्ले, आणि बुटांच्या खोक्यात
हिरव्या पट्ट्या, मेमरीच्या.

मी मापाला जुनीच काढून आणलीय,
हातमोज्यात गुंडाळून.
"नवी घेऊ नकोस," तो म्हणतो,
"तुझ्या मशीनला चालायची नाही. खाच बघ."
दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून उजेडात धरतो.
जरासाच फरक.
तेवढ्यानं बसत नाही म्हणे, कितीही दाबा.
मला माझा पहिला संसार आठवला. बोलले नाही.

चौथी जुळली. दोन जीबी, बारा लारी.
मी आठ म्हटलं. त्यानं दहा घेतले,
वर एक अक्रोड दिला.

घरी मशीन तीनदा किंचाळलं, पडदा काळाच.
फोन केला.
"काढ," नुगझार म्हणाला, "सोनेरी दात
खोडरबरानं घास. शाळेतल्या, साध्या."

लेवानच्या कंपासपेटीत अर्धा सापडला,
चावल्याच्या खुणांसकट.
लेवान आता क्राकोवात ट्रक चालवतो.

हळू घासलं. फुंकर मारली.
खट्.

चुरा टेबलावर तसाच ठेवून
त्याला व्हिडिओ कॉल लावला.
चेहरा एकदाही अडकला नाही.
"आई, केस कापलेस?"

मार्चमध्येच कापले होते.