वेला

भाचीने मोबाइलमध्ये घालून दिली आहे मालिका,
थायलंडची, चौदा भागांची.
'मामा, तू बघ,' एवढंच म्हणाली उर्वी
आणि कपबशी विसळायला गेली,
जी आधीच विसळलेली होती.

बँकॉकमधलं जुनं हॉटेल. लिफ्ट.
नायकाचं नाव कित्ती.
पहिला भागभर मी हसलो,
कोणीही हाक मारली की, कित्ती?
मग वीज जाते, दार उघडतं,
पडद्यावर येतं : साल २५२८.
मला वाटलं, पुढे गेला पोरगा.
पण टेबलावर चकतीचा फोन,
काउंटरवरची बाई पेन्सिलीने कॅसेट गुंडाळतेय.
तिकडे बुद्धापासून मोजतात, उर्वी म्हणाली,
पाचशे त्रेचाळीस वजा कर.
विजेच्या बिलाच्या पाठीवर केले वजा.
एकोणीसशे पंच्याऐंशी.
पेन तसंच धरून बसलो.

लिफ्टमन सिला, लाल टोपीतला,
जाळीचं दार सरकवून विचारतो, कुठला मजला?
कित्तीला सांगता येत नाही.
दोन भाग हेच चालतं.
मला कंटाळा आला नाही.

खाली इंग्रजी अक्षरं पळतात,
चष्मा सावरून वाचेपर्यंत
ते दोघं पुढच्या वाक्यात गेलेले असतात.
एकच शब्द न वाचता कळला :
वेळेला ते वेला म्हणतात.

पंच्याऐंशीत, कोपरखैरण्याच्या मिठागरावर
असाच बोलायचा हसुराम.
त्याच्या तोंडात ळ कधी बसलाच नाही.
डोला, काला, फला,
आणि उन्हं कलल्यावर फावडं धुताना :
वेल झाली रं.
मी रबाळ्याच्या कंपनीत केमिस्ट, सातारचा,
त्याला दुरुस्त करायचो.
ळ म्हण. जीभ अशी मागे ने.
तो न्यायचा, हसायचा, पुन्हा ल.
जीभ कुठे लागते ते मी फार जवळून बघायचो.
व्याकरणासाठी इतकं जवळ जावं लागत नाही.

मग सिडकोचे दगड आले, मिठागर मोजलं गेलं.
त्याच्या हळदीला मी नाचलो,
त्याच्या भावांपेक्षा जास्त.
त्याला साडेबारा टक्के मिळाले, तेही एकोणीस वर्षांनी.
मला किती मिळाले, त्याची फाइल नाही.

तो गेला हे बिल्डिंगच्या नावावरून कळलं.
'हसुराम स्मृती', तळघर अधिक चार मजले,
मुलांनी उठवलेली.
तिसऱ्यावर भाड्याने राहतो मी.
दर महिन्याला पावतीवर त्याचं नाव येतं,
खाली थोरल्याची सही,
ह तसाच, पुढे झुकलेला.

तेराव्या भागात नियम सांगतात :
मागून काहीही आणता येत नाही.
कित्ती तरी सिलाच्या टोपीचं बटण खिशात टाकतो.
लिफ्ट वर येते. दार उघडतं.
तो खिशात हात घालतो.
तिथेच थांबवलंय मी, अकरा दिवस झाले.
उर्वीला सांगतो, नेट नाही.

रात्री सगळे झोपले की लिफ्टने तळघरात जातो.
माझी गाडी नाही.
खाडीकडच्या भिंतीचा गिलावा फुगतो
आणि मीठ फुटतं त्यातून, बारीक, पांढरं.
पोरांनी तीनदा रंग काढला, तीनदा फुटलं.
मी बोट लावतो, बोट जिभेला,
आणि जीभ मागे न नेता
म्हणून बघतो एकदा.

वर आलो की वॉचमन, परतूरचा, नवीन,
'काका, रोज खाली काय?'
वेल बघून आलो, मी म्हणतो.

तो टॉर्च घेऊन उतरतो.
बऱ्याच वेळाने परत येतो.
'काही नाही की तिथं.
तळघरात कशी असंल वेल,
उन्हाबिगर?'