काच वर येईपर्यंत

डावीकडची काच अकरा सेकंदांत वर येते.
उजवीकडची सतरा.
बापाने स्टॉपवॉच लावून मोजलंय, तीनदा,
आणि गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहिलंय,
जिथे पूर्वी माझी उंची लिहायचा.

डुलुथचा नोव्हेंबर. सरोवरावरचा वारा
शटरखालून आत शिरून आधी पाय शोधतो.
शहाऐंशी सालची पोर्श, लाल,
म्हणजे एके काळी लाल,
उजव्या दाराचं अस्तर काढून ठेवलेलं.
आत तारा, पत्रा, वाळलेलं ग्रीस,
आणि तळाशी, पाणी निघायच्या भोकाजवळ,
केसांची एक पिन.
ती त्याने शर्टाच्या खिशात टाकली
आणि टॉर्च माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, नवी मोटर घालू.
दोनशे डॉलर, विषय संपला.
त्याने चष्म्यावरून पाहिलं नुसतं.
चोर सोडून संन्याशाला सुळी देणाऱ्यांकडे
तो असाच पाहतो.
अडतीस वर्षं लोहखनिजाच्या धक्क्यावर वीज सांभाळली त्याने.
त्याच्या लेखी वीज म्हणजे टपाल:
पत्र उशिरा आलं तर आधी रस्ता बघायचा,
ज्याला पत्र आलं त्याच्यावर काय ओरडायचं?

बॅटरीवर बारा पूर्णांक सहा.
मोटरच्या टोकाशी तेवढेच, बारा पूर्णांक सहा.
मी म्हटलं, बघ, सगळं ठीक आहे.
"आता बटण दाब."
दाबलं. काच कण्हत निघाली,
आणि मीटर घसरत आठ पूर्णांक नऊवर आला.
"बसून असताना सगळेच ठीक असतात," तो म्हणाला.
"कामाला लावून मोजायचं."

म्हणजे जवळजवळ पावणेचार व्होल्ट वाटेत कुणीतरी खाल्ले.

शोधायला दुपार गेली.
थोडे बिजागरीपाशी, रबरी नळीत,
तीस-पस्तीस वर्षं दार उघडता मिटता
तारेचे धागे एकेक तुटून चारच उरलेले.
थोडे गालिच्याखाली, अर्थिंगच्या स्क्रूला,
गंज असा की स्क्रू कुठला आणि पत्रा कुठला कळेना.
आणि बरेचसे बटणातच.
ते त्याने नखाने उकललं,
आतले तांब्याचे दोन ओठ काळेभोर.

"वापरलं नाही की काळं पडतं," तो म्हणाला.
बटणाबद्दल.

उजवीकडे आई बसायची.
बंदराजवळचा पूल उचलला जायचा, जहाज भोंगा द्यायचं,
आणि हेल्मी लाहतिनेन, उणे दहा असो की वीस,
काच पूर्ण खाली करून हात बाहेर काढायची.
मागच्या सीटवर मी गोठत, ओरडत.
बाप काहीच बोलायचा नाही, फक्त हीटर वाढवायचा.
तिला जाऊन चार वर्षं झाली.
चार वर्षांत त्या बटणावर बोट पडलं नसावं.

मी म्हटलं, बाबा, ही काच अगदी तुझ्या गुडघ्यांसारखी...
"उपमा नको. मीटर धर."

मग आठशे नंबरचा कागद, हलक्या हाताने.
नवी तार, डाख, धुराचा तो गोडसर वास.
स्क्रूखालचा पत्रा घासून चकचकीत.
खाचेतल्या वाळक्या नमद्यात सिलिकॉनचा फवारा,
आणि ग्रीस, जुनं खरवडून, नवं बोटाने.
हातमोजे घाल म्हटलं, तर म्हणाला
बोटाला कळतं ते हातमोज्याला कळत नाही,
आणि मग अर्धा तास बोटं चहाच्या कपाला लावून बसला.

डावीकडचं बटणही उघडलं, ओघात.

अंधार पडल्यावर पुन्हा मोजणी.
डावी, सहा सेकंद.
उजवी, सात.
"सात का?" त्याने काचेलाच विचारलं.
पुन्हा खाली, पुन्हा वर. सात.
तिसऱ्यांदा खाली केली तेव्हा दूर बंदरात
कुठल्यातरी जहाजाने भोंगा दिला, एक लांब, दोन आखूड,
आणि त्याचं बोट बटणावरून उठलं.
काच दारात गेली ती तशीच राहिली.
मी काही मोजलं नाही. थंडी आत येत राहिली.

रात्री दिवा मालवायला गेले तेव्हा पाहिलं:
भिंतीवरचे अकरा आणि सतरा त्याने पुसले नव्हते.
शेजारी लिहिलं होतं, सहा. सात.
आणि सातच्या खाली, बारीक अक्षरात,
त्या काचेची बाजू घेतल्यासारखं:
थंडीमुळे. उन्हाळ्यात परत मोजणे.