केसांची बट

इरासिल्दाच्या मानेजवळची बट कापली,
मुळाकडच्या टोकाला दोरा बांधला.
तापाजोस आज दुधाळ चहासारखी;
वर कुठेतरी सोनं धुताहेत.

दोन महिन्यांनी सान्तारेमच्या अंधाऱ्या खोलीत
तिचं रक्तद्रव सोडलेल्या पेशी
हिरव्या उजळल्या, एकूण एक केंद्रक.
घरचं कुत्रं धन्यावरच गुरगुरावं,
तसं काही.

सांगायला गेले तेव्हा ती माशाची खवलं काढत होती.
"म्हणजे माझं रक्त मलाच ओळखेना?"
केसांत पारा आहे, म्हटलं,
पण त्यानंच, असं अजून म्हणता येत नाही.
सुरी थांबली नाही.
"नदी तरी कुठे ओळखते आता."

मग तिनं जेवायला बसवलं.
तुकुनारे मासा, फरिन्या, लिंबू.
मी खाल्लं सगळं.
काटे तेवढे वेचता आले.